वायपर पुन्हा पुन्हा बिघडतोय? नवी मोटर आणण्याआधी पिव्होट हाताने फिरवून बघा

माझ्या गाडीच्या वायपरची मोटर दीड वर्षात तीन वेळा जळली. पहिल्यांदा वाटलं, जुनी झाली होती, गेली. दुसऱ्यांदा वाटलं, बदलून घातलेली मोटरच कमअस्सल असेल. तिसऱ्यांदा रात्रीची वेळ होती, पाऊस धो धो कोसळत होता, आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे काचभर पसरलेले असताना दोन्ही वायपर बरोबर मधोमध येऊन थांबले. रस्त्याची कडा दिसेनाशी झाली. कशीबशी गाडी बाजूला घेतली, चारही इंडिकेटर लावले आणि पाऊस ओसरेपर्यंत बसून राहिलो. त्या पाऊण तासात एकच गोष्ट मनात घोळत होती. मोटर जळली हे तिन्ही वेळा कळलं, पण ती कशामुळे जळते हे कुणी पाहिलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

कारण निघालं ते मोटरीबाहेर. चालकाच्या बाजूचा पिव्होट, म्हणजे ज्या खुंटावर वायपरचा आर्म फिरतो तो, आतून गंजून जवळजवळ जाम झाला होता. मोटर प्रत्येक फेरीला त्या गंजाशी झगडत होती. नवी मोटर काही महिने दम धरायची, मग तापायला लागायची, मग जळायची. पिव्होट साफ केल्यापासून तीच चौथी मोटर आजही चालते आहे.

वायपरच्या पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या तक्रारी बहुधा अशाच असतात. लक्षण एका भागात दिसतं आणि दोष त्याच्या शेजारच्या भागात असतो. म्हणून आधी ही सगळी साखळी डोळ्यांसमोर आणा. स्टिअरिंगजवळच्या दांडीचा स्विच, तिथून रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच) किंवा कंट्रोल युनिट, मग मोटर. मोटरीच्या आत वर्म गिअर असतो, तो वेग कमी करून जोर वाढवतो. मोटरीच्या शाफ्टवर एक छोटी क्रँक, तिला लिंकेजच्या पट्ट्या, पट्ट्यांच्या टोकांना प्लॅस्टिकच्या वाटीत बसलेले गोल बॉल जॉइंट, पुढे दोन पिव्होट, त्यांवर आर्म, आर्मला ब्लेड आणि शेवटी काच. बिघाड यातल्या कुठल्याही कडीत असू शकतो. तपासताना काचेकडून मागे मागे जायचं, कारण काचेच्या बाजूची तपासणी फुकट आणि सोपी असते.

पुसतो, पण नीट पुसत नाही

इथे बहुतेक जण लगेच ब्लेड बदलतात, आणि बऱ्याचदा तेवढ्याने भागतंही. रबराची धार सहा महिने ते वर्षभरात मरते. गाडी उन्हात उभी असेल तर त्याआधीच. पण नवं ब्लेड घालूनही पंधरा दिवसांत तीच तक्रार आली, तर काचेवर राहिलेल्या पाण्याच्या खुणा वाचायला शिका.

एकच बारीक रेघ कायम त्याच जागी उमटत असेल, तर रबराच्या धारेला तिथे काप गेलाय किंवा खडा अडकलाय. काचेच्या मधोमध रुंद पट्टाच पुसला जात नसेल, तर ब्लेडचा बाक गेलाय आणि मधला भाग काचेवर दाबला जात नाहीये. जाताना स्वच्छ आणि येताना धूसर, असं होत असेल, तर रबर कडक होऊन एका बाजूला झुकून बसलंय. वायपरची दिशा बदलताना रबराची धार प्रत्येक वेळी पलटी खायला हवी. ती पलटत नाही म्हणून एका दिशेने पुसते आणि दुसऱ्या दिशेने ओरबाडते. आणि पुसल्यावर क्षणभर धुक्यासारखा पापुद्रा दिसून मग विरत असेल, तर ब्लेडला दोष देऊ नका. काचेवर तेलकट थर आहे. रस्त्यावरचा धूर, गाडी धुताना वापरलेलं वॅक्स, पाणी घसरवणारी पॉलिश, झाडाचा चीक, यांचं ते मिश्रण असतं. साध्या साबणाने ते पूर्ण जात नाही. आधी साबणाने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा. बोट काचेवरून फिरवल्यावर अजून खरखरीत लागत असेल, तर क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, पाण्यासोबत फिरवा. रबरसुद्धा ओल्या फडक्याने चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी पुसून घ्या. फडक्यावर जी काळी रेघ येते तीच काचेवर पसरत असते. रबराला पेट्रोल किंवा इंजिन ऑइल अजिबात लावू नका, ते फुगतं आणि धार वाकडी होते.

आता थडथड. ब्लेड काचेवर उड्या मारत जातं, आवाज असा की गाडीत बोलणं नको वाटतं. काच स्वच्छ आहे, ब्लेड नवं आहे, तरी थडथड थांबत नाही, म्हणजे बहुधा आर्म पिळला गेलाय. गाडी धुताना कुणीतरी आर्म वेडावाकडा ओढलेला असतो, किंवा स्वयंचलित वॉशमध्ये ब्रशने तो वळवलेला असतो. तपासायचं असं: वायपर काचेच्या साधारण मध्यावर आणून चावी बंद करा. आर्म उचलून ब्लेड काढा आणि काचेवर जाड टॉवेल अंथरून आर्म अगदी हळू खाली टेकवा. टॉवेल विसरू नका. ब्लेडविना आर्म सुटून काचेवर आपटला तर काच तडकते. आता आर्मच्या टोकाकडे समोरून पाहा. टोकाचा सपाट भाग काचेला समांतर दिसला पाहिजे. एका बाजूला कललेला दिसला, तर दोन पान्यांनी आर्म धरून अगदी थोडा उलट पीळ द्या, ब्लेड लावा, ओल्या काचेवर चालवून बघा, गरज पडली तर पुन्हा थोडा. एका झटक्यात सरळ करायला गेलात तर आर्म मोडेल.

आर्मच्या बुडाशी एक स्प्रिंग असते. ती सैल पडली किंवा तिथली खीळ गंजली, तर हळू चालवताना वायपर नीट पुसतो आणि वेग वाढला की वाऱ्याने ब्लेड काचेवरून उचललं जातं. खीळ गंजली असेल तर गंज सोडवणारं तेल मुरवून आर्म अनेकदा वर-खाली करा. स्प्रिंगच थकली असेल तर आर्म बदलणं हाच उपाय.

चालता चालता मंदावतो, थांबतो, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो

माझा अनुभव इथलाच, म्हणून यावर जास्त लिहितो.

बऱ्याच वायपर मोटरींमध्ये उष्णतेने उघडणारा एक छोटा कटआउट असतो. मोटर प्रमाणाबाहेर तापली की तो वीज तोडतो, थंड झाली की पुन्हा जोडतो. त्यामुळे दहा मिनिटं चालून थांबणारा आणि पाच मिनिटांनी आपोआप सुरू होणारा वायपर पाहिला की लोकांना वाटतं, कुठेतरी लूज कनेक्शन आहे. वायरी हलवून बघितल्या जातात, तेवढ्यात मोटर थंड होते, वायपर सुरू होतो, आणि वायर हलवल्यानेच काम झालं असा समज होतो. माझ्या बाबतीत दोनदा हेच घडलं. खरं म्हणजे मोटर ओझं सहन होत नाही असं सांगत होती.

ओझं कुठून येतं ते शोधायला मोटर लिंकेजपासून वेगळी करावी लागते. वायपर नेहमीच्या जागी थांबू द्या, चावी काढा, बॅटरीची ऋण वायर सोडवा. हे टाळू नका. लिंकेजमध्ये बोटं असताना मोटर फिरली तर बोट वाचत नाही. ब्लेड काचेवर जिथे टेकलंय तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करा, म्हणजे परत बसवताना कोन चुकणार नाही. आर्मच्या बुडावरची टोपी काढून नट सोडवा. आर्म खुंटाच्या बारीक दात्यांवर घट्ट बसलेला असतो. हाताने डावीकडे-उजवीकडे हलवून निघत नसेल तर तेल मुरवून छोटा पुलर, म्हणजे आर्म वर ओढून काढणारं हत्यार, लावा. पेचकस खाली घालून उचकटू नका, काचेची कड तिथून जवळच असते. मग बॉनेट आणि काच यांच्या मधलं जाळीदार प्लॅस्टिकचं झाकण काढा. त्याच्या क्लिप जुन्या झाल्या की ठिसूळ होतात, म्हणून ओढण्याआधी प्रत्येक क्लिप कशी सुटते ते बघा.

झाकणाखाली काय दिसतं याकडे नीट लक्ष द्या. माझ्या गाडीत तळाशी कुजलेल्या पानांचा चिखल साचला होता, पाणी जायची वाट बुजली होती, आणि मोटरीचं अर्धं अंग त्या ओल्या गाळात होतं. तीन मोटरी बदलताना हे झाकण तीनदा उघडलं गेलं असणार, तरी गाळ तिथेच होता. मला सर्वांत जास्त दुखलं ते हे.

आता चपटा पेचकस घालून क्रँकवरचा बॉल जॉइंट सुटा करा. मोटर मोकळी झाली, लिंकेज मोकळं झालं. एकेक पिव्होटचा खुंट बोटांनी फिरवून बघा. चांगला पिव्होट बोटांच्या जोरावर सहज फिरतो. माझा उजवा पिव्होट फिरवायला पक्कड लागली, आणि फिरताना आत वाळू असल्यासारखी करकर आली. वरची सर्क्लिप (खुंट जागेवर धरणारी स्प्रिंगसारखी कडी) आणि वॉशर काढून खुंट खाली ओढला तेव्हा त्याच्यावर विटकरी भुकटीचा थर होता, आणि मूळच्या ग्रीसचं वाळून तपकिरी मेण झालं होतं. पिव्होटचं नळकांडं ॲल्युमिनियमचं, खुंट पोलादाचा. दोन वेगळे धातू, मध्ये झिरपणारं पाणी, गंज चढणारच.

खुंट बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला. नळकांड्याच्या आतून कापडाची वात फिरवून सगळी भुकटी काढली. तेल फक्त साफ करण्यापुरतं. नुसतं तेल सोडून सोडून दिलं तर महिन्याभरात तीच गत होते, कारण पाण्याबरोबर ते धुऊन जातं. जाडसर, पाण्यात न विरघळणारं लिथियम ग्रीस भरलं, वरचा रबरी ओ-रिंग नवा घातला आणि खुंट परत बसवला. एका बोटाने फिरू लागला. काही गाड्यांत हा पिव्होट पॅक केलेला असतो, सर्क्लिप नसते. तिथे लिंकेजचा पूर्ण सांगाडाच बदलावा लागतो. पण मोटर जळण्याचं कारण तोच असेल, तर नवी मोटर आणण्यापेक्षा सांगाडा आणणं शहाणपणाचं.

पिव्होट मोकळे असूनही वायपर मंद चालत असेल, तर मोटरीला वीज पुरेशी पोचते का ते बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असतात. वायपर चालू ठेवून व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरचं एक टोक मोटरीच्या अर्थिंगला (वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीला) आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला, तर अर्थिंगचा बोल्ट गंजलाय. तो काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा आणि पुन्हा आवळा. जळलेल्या तीनपैकी एखादी मोटर अशा खराब अर्थिंगमुळेही गेली असेल का, असं मला अजून वाटतं. तो बोल्टही हिरवा पडलेला होता.

मोटर फिरते, वायपर हलत नाही

कान लावून ऐका. मोटरीचा घुंग आवाज येतोय आणि दोन्ही वायपर जागचे हलत नाहीत, तर क्रँकचा नट ढिला झालाय, क्रँकवरचा बॉल जॉइंट निसटलाय किंवा मोटरीतल्या नायलॉनच्या गिअरचे दाते गेलेत. एकच वायपर हलत असेल तर दोष न हलणाऱ्या बाजूला. पहिल्यांदा आर्मचा नट बघा. दहातल्या बऱ्याच वेळा तो नुसता सैल झालेला असतो. आवळण्याआधी खुंटावरचे दाते तपासा. आर्मच्या आतले दाते घासून गुळगुळीत झाले असतील, तर नट कितीही आवळला तरी आठवड्याभरात पुन्हा सुटणार.

बॉल जॉइंट निसटलेला असला तर तो नुसता दाबून परत बसवणं ही तात्पुरती सोय समजा. प्लॅस्टिकची वाटी झिजून मोठी झाल्याशिवाय बॉल सहसा निसटत नाही. आज बसवाल, पुढच्या जोरदार पावसात पुन्हा निसटेल. वाटीचा बुश स्वतंत्र मिळत असेल तर तो बदला. वायपर दिशा बदलताना टक-टक असा आवाज येत असेल, तर वाटी झिजायला लागल्याची ती सूचना आहे. निसटायची वाट बघू नका.

अजिबात हालचाल नाही

आधी फ्यूज. बॉक्सच्या झाकणावर वायपरचा फ्यूज कोणता ते दिलेलं असतं. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. पुन्हा उडाला तर जास्त अँपिअरचा घालायचा मोह कटाक्षाने टाळा. मग फ्यूजऐवजी वायर जळते. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणजे मोटर अडकतेय किंवा वायर कुठेतरी पत्र्याला टेकतेय. त्यासाठी वर सांगितलेली पिव्होटची तपासणी करा.

फ्यूज ठीक असेल तर मोटरीच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प (वीज येते का ते दाखवणारा छोटा दिवा) लावून दुसऱ्या माणसाला स्विच चालू करायला सांगा. दिवा लागतो पण मोटर फिरत नाही, आणि अर्थिंगही चांगलं आहे, तर मोटरीच्या अंगावर पेचकसाच्या मुठीने हलके ठोका. ठोकल्यावर फिरली तर मोटरीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजलेत. त्या दिवशी घरी पोचाल, पण मोटरीचे दिवस भरलेत. दिवाच लागत नसेल तर रिले, स्विच आणि वायरी यांकडे वळा. तोच क्रमांक असलेला दुसरा रिले बॉक्समध्ये असेल तर अदलाबदल करून बघणं सर्वांत सोपं.

एक गोष्ट हमखास उपयोगी पडते. साध्या दोन वेगांच्या मोटरीत तीन ब्रश असतात: एक दोन्ही वेगांना सामाईक, एक संथ गतीचा, एक जलद गतीचा. त्यामुळे जलद गती चालते आणि संथ नाही, किंवा उलट, असं असेल तर फ्यूज, अर्थिंग आणि लिंकेज तिन्ही निर्दोष. दोष त्या एका ब्रशमध्ये किंवा दांडीच्या स्विचमधल्या त्या एका संपर्कात. फक्त थांबून-थांबून पुसण्याची गती गेली असेल तर रिले किंवा कंट्रोल युनिट. रेन सेन्सर (पाऊस ओळखून वायपर आपोआप चालवणारा) असलेल्या गाडीत काच बदलल्यावर वायपर मनाला येईल तसा चालू लागला, तर आरशामागे सेन्सर आणि काच यांच्यामधल्या जेलच्या चकतीत हवेचे बुडबुडे राहिलेत का ते बघा. सेन्सर काचेतून परतणारा प्रकाश मोजतो, आणि बुडबुडा त्या प्रकाशाच्या वाटेत आला की मोजणी चुकते.

हल्लीच्या काही गाड्यांत मोटरीतच इलेक्ट्रॉनिक्स असतं, काहींत प्रत्येक आर्मला वेगळी मोटर असते. तिथे टेस्ट लॅम्पचा उपयोग नाही, गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्समधले दोष वाचणारा स्कॅनर जोडूनच बघावं लागतं.

बंद केल्यावर भलत्याच जागी थांबतो

स्विच बंद केला की वायपर खाली जाऊन थांबतो, कारण मोटरीतला पार्क स्विच आर्म खाली येईपर्यंत वीज चालू ठेवतो आणि नेमक्या जागी तोडतो. स्विच बंद करताक्षणी वायपर होता तिथेच थांबला, तर पार्क स्विचला वीज मिळत नाही किंवा त्याचा संपर्क जळलाय. उलट, वायपर थांबायचं नावच घेत नसेल तर रिलेचे संपर्क चिकटलेत किंवा तोच पार्क स्विच अडकलाय. पण दर वेळी एकाच चुकीच्या उंचीवर थांबत असेल, तर वीज निर्दोष आहे; आर्म दात्यांवर एक-दोन घरं सरकवून बसवला गेलाय. आर्म काढा, मोटर एकदा चालवून पार्कमध्ये आणा, मगच आर्म बसवा.

वॉशरबद्दल थोडक्यात. पंपाचा आवाज येतो आणि पाणी येत नाही, तर नोझल बारीक सुईने मोकळं करा, बॉनेटच्या बिजागरीजवळ नळी दुमडली किंवा सुटली का ते बघा, टाकीच्या तळाशी शेवाळ आहे का ते तपासा. मागचा वायपर मधूनच बंद पडत असेल तर डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी सरकवून तिच्यातल्या वायरी तपासा. उघडझाप करून त्या आतल्या आत तुटतात आणि बाहेरून काही कळत नाही.

दुरुस्ती झाल्यावर लगेच खूश होऊन झाकण लावू नका. काचेवर पाण्याचा पाइप चालू ठेवून जलद गतीवर पूर्ण मिनिटभर फेऱ्या मोजा. अमेरिकेच्या नियमानुसार वायपरला किमान दोन गती लागतात, त्यातली एक मिनिटाला ४५ फेऱ्या किंवा त्याहून जास्त, आणि दोन्हींत निदान १५ फेऱ्यांचा फरक. १९०३ साली मेरी अँडरसन यांनी पेटंट घेतलेला वायपर आतून दांड्याने हाताने चालवायचा होता. पुढे इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारे आले, आणि ते चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मंदावत. ती हतबलता काय असते ते त्या रात्री मला कळलं. माझ्या गाडीत पिव्होट साफ करण्याआधी जलद गतीवर जेमतेम ४० फेऱ्या भरत होत्या, साफ केल्यावर साठाच्या वर गेल्या. मग दहा मिनिटं तसाच चालू ठेवा, चावी काढा आणि मोटरीवर तळहात ठेवा. कोमट लागली तर झाकण लावा. हात ठेववत नसेल तर अजून कुठेतरी ओझं आहे. दुसरा पिव्होटही काढून बघा.